विश्लेषण : नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबातून थायरॉइडचा दोष कसा कळतो? ही वाट दाखवणारे रॉबर्ट गथ्री कोण होते?

प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत अनेक रुग्णालयांत बाळाच्या टाचेला बारीक सुई टोचली जाते. रक्ताचे काही थेंब जाड कागदावर छापलेल्या वर्तुळांत टिपले जातात. कागद वाळतो, पाकिटात जातो आणि प्रयोगशाळेत पोहोचतो. या कागदाला जगभर ‘गथ्री कार्ड’ म्हणतात. थायरॉइड संप्रेरकाची जन्मजात कमतरता वेळेत ओळखली नाही तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हा आजार आज प्रामुख्याने याच कागदावरून पकडला जातो. मात्र ज्यांचे नाव या कार्डाला मिळाले ते डॉ. रॉबर्ट गथ्री थायरॉइडतज्ज्ञ नव्हते. थायरॉइडची चाचणीही त्यांनी शोधली नाही. मग त्यांचे नाव या तपासणीशी कसे जोडले गेले, त्यांच्या घरात काय घडले होते आणि भारतात ही तपासणी कुठवर आली आहे, याचा हा आढावा.

गथ्री यांचे शिक्षण काय होते?

रॉबर्ट गथ्री यांचा जन्म १९१६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या मेरियनव्हिल या गावी झाला. मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पण दवाखाना थाटून रुग्ण तपासण्यापेक्षा त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडे होता. जिवाणूशास्त्रात संशोधन करून त्यांनी डॉक्टरेटही मिळवली. पुढची काही वर्षे ते वेगवेगळ्या संस्थांमध्ये जिवाणूंवर काम करत होते. १९५४ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात आले आणि तेथील रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत रुजू झाले.

कर्करुग्णांना दिलेल्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण मोजणे, हे त्यांच्या कामातील एक अंग होते. त्यासाठी ते जिवाणूंचा वापर करत. रक्तात अमुक पदार्थ असेल तर जिवाणू वाढतात किंवा त्यांची वाढ थांबते, एवढ्या साध्या निरीक्षणावर ती पद्धत उभी होती. महागडे यंत्र नको, मोठी जागा नको. रात्री मांडून ठेवायचे आणि सकाळी बघायचे. पुढे जगभर गेलेल्या चाचणीचे मूळ या कामात आहे.

लहान मुलांच्या आजारांकडे ते का वळले?

याचे कारण त्यांच्या घरात होते. १९४७ मध्ये गथ्री दाम्पत्याला मुलगा झाला. त्याची बौद्धिक वाढ इतर मुलांसारखी होत नसल्याचे लवकरच लक्षात आले. वडील स्वतः डॉक्टर आणि संशोधक असूनही या मुलाच्या अपंगत्वाचे कारण कधीच सापडले नाही. त्या काळी अशा मुलांना संस्थेत ठेवून द्यावे आणि विसरून जावे, असा सल्ला अनेक पालकांना मिळत असे. गथ्री आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट अशा मुलांच्या पालकांनी सुरू केलेल्या चळवळीत सामील झाले. बफेलोतील पालक संघटनेच्या कामात गथ्री पुढे असत.

तिथेच १९५७ च्या सुमारास त्यांची भेट डॉ. रॉबर्ट वॉर्नर यांच्याशी झाली. वॉर्नर अपंग मुलांवर उपचार करणारे केंद्र चालवत होते. फेनिलकिटोन्युरिया, म्हणजे पीकेयू या आनुवंशिक आजाराची काही मुले त्यांच्याकडे होती. या आजारात अन्नातील प्रथिनांमधून येणारे फेनिलअलॅनिन हे द्रव्य शरीराला पचवता येत नाही. ते रक्तात साठत जाते आणि मेंदूला इजा करते. नॉर्वेतील डॉ. अस्ब्योर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला होता. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलअलॅनिन कमी असलेल्या आहाराने मुलांमध्ये सुधारणा होते, हे दाखवले होते. आहार पाळायचा तर रक्तातील प्रमाण वारंवार मोजावे लागते. त्या वेळच्या पद्धतीत बरेच रक्त लागे आणि वेळही जाई. थोड्या रक्तात भागेल अशी चाचणी करता येईल का, एवढीच वॉर्नर यांची अडचण होती.

जिवाणूंकडून मोजमाप कसे करून घेतले?

गथ्री यांनी बॅसिलस सबटिलिस हा निरुपद्रवी जिवाणू निवडला. अगारच्या थरात हा जिवाणू आणि त्याची वाढ रोखणारे एक रसायन त्यांनी एकत्र मिसळले. हे रसायन दिसायला फेनिलअलॅनिनसारखे असते. जिवाणू त्याला फसतो आणि वाढत नाही. मात्र खरे फेनिलअलॅनिन भरपूर मिळाले तर रसायनाचा अडसर दूर होतो आणि जिवाणू पुन्हा वाढू लागतो. त्यामुळे अगारवर रक्त ठेवल्यावर सकाळी त्याभोवती जिवाणूंचे जेवढे मोठे कडे दिसेल, तेवढे रक्तातील फेनिलअलॅनिन जास्त. शेजारी ठरावीक प्रमाणाचे नमुने ठेवले की तुलना डोळ्यांनीच करता येई. वॉर्नर यांचा प्रश्न सुटला आणि १९५८ मध्ये गथ्री बफेलोच्या मुलांच्या रुग्णालयात बालरोग विभागात काम करू लागले.

याच सुमारास घरात दुसरा धक्का बसला. मार्गारेट यांच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू असल्याचे निदान झाले, तेव्हा ती वर्षाची होऊन गेली होती. मेंदूची इजा होऊन चुकली होती. आहार सुरू केला तरी गेलेले परत येणार नव्हते. उपचार उपलब्ध होता, मोजण्याची पद्धत होती, तरीही मूल हातचे गेले. कारण आजार आहे हे कुणाला वेळेत कळलेच नाही. त्या काळी पीकेयूसाठी बाळाच्या ओल्या लंगोटावर रसायन टाकून रंग बदलतो का, हे पाहिले जाई. पण जन्मानंतरचे काही आठवडे गेल्याशिवाय या चाचणीचा भरवसा नसे.

यातून गथ्री यांचा प्रश्न बदलला. आजारी मुलाचे रक्त कसे मोजायचे, याऐवजी कुठल्याही बाळात लक्षणे दिसण्यापूर्वी आजार कसा पकडायचा, यावर ते काम करू लागले. लक्षणे नसतील तर कुणाला तपासायचे? उत्तर एकच होते, सगळ्यांना.

कागदाची कल्पना एवढी महत्त्वाची का ठरली?

सगळ्यांना तपासायचे म्हणजे प्रत्येक प्रसूतिगृहातून रक्त प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजे. द्रवरूप रक्तासाठी सुई, काचेची नळी, बर्फ आणि ने-आण करणारा माणूस लागतो. शेकडो रुग्णालयांतून हजारो नळ्या रोज हलवणे शक्य नव्हते. गथ्री यांनी टाचेतून आलेले रक्त जाड फिल्टर पेपरवर टिपून वाळवले. वाळलेल्या डागाची छोटी गोल टिकली कापून ती थेट अगारवर ठेवली, तरी चाचणी तेवढीच चालली.

एका झटक्यात सारे सोपे झाले. रक्त घेणे परिचारिकेला जमण्यासारखे होते. थंड ठेवण्याची गरज नव्हती. टपालाच्या साध्या पाकिटातून नमुना पाठवता येत होता. शिवाय एकाच कागदावर चार-पाच डाग असल्याने शंका आली तर त्याच बाळाच्या रक्ताची पुन्हा तपासणी करता येत होती. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर गथ्री यांनी चाचणीसोबत नमुना गोळा करण्याचा एक प्रमाणित मार्गच तयार केला. त्या मार्गावरून पुढे दुसऱ्या आजारांच्या चाचण्याही जाणार होत्या.

चार लाख बाळांची तपासणी कशी झाली?

पद्धत प्रयोगशाळेत चालणे आणि देशभर चालणे यात मोठे अंतर असते. अमेरिकी सरकारच्या चिल्ड्रन्स ब्युरोने व्यापक चाचणीसाठी पैसे दिले. २९ राज्यांतील चार लाखांहून अधिक नवजात बाळांची तपासणी झाली आणि त्यातून पीकेयूची ३९ बाळे सापडली. दहा हजारांत साधारण एक. तोवर समजला जात होता त्यापेक्षा हा आजार अधिक आढळला. सापडलेली ही बाळे दिसायला ठणठणीत होती, त्यांच्यावर लगेच आहाराचा उपचार सुरू करता आला. एस्टोनियन वंशाच्या सहकारी एडा सुसी यांच्यासह गथ्री यांनी १९६३ मध्ये ‘पीडिएट्रिक्स’ या नियतकालिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली.

मॅसेच्युसेट्स राज्याने १९६२ मध्ये राज्यभर ही तपासणी सुरू केली आणि १९६३ मध्ये ती कायद्याने सक्तीची केली. पालक संघटनांनी इतर राज्यांवर दबाव आणला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची एक बहीण बौद्धिकदृष्ट्या अपंग असल्याने व्हाइट हाऊसचेही या विषयाकडे लक्ष होते. १९६० चे दशक संपेपर्यंत अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी ही तपासणी स्वीकारली होती.

किमतीवरून वाद का झाला?

चाचणीचे संच मोठ्या संख्येने तयार करण्यासाठी एका कंपनीशी करार झाला होता. स्वामित्वहक्काच्या उत्पन्नातील वाटा अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आणि विद्यापीठाच्या निधीला जाणार होता, गथ्री स्वतः काही घेणार नव्हते. पण ५०० बाळांच्या तपासणीचा जो संच गथ्री बफेलोत साधारण सहा डॉलर खर्चात तयार करत होते, त्याची किंमत कंपनीने २६२ डॉलर ठरवल्याचे त्यांना कळले. त्यांनी सरकारकडे तक्रार केली. संशोधन सार्वजनिक पैशांतून झाले आहे, मग त्यावर एकाच कंपनीचा मक्ता का, हा मुद्दा अमेरिकी सिनेटपर्यंत पोहोचला. अखेर ती मक्तेदारी टिकली नाही आणि चाचणी कोणत्याही राज्याच्या प्रयोगशाळेला वापरण्यासाठी खुली राहिली.

हा तपशील वरवर हिशेबाचा वाटतो. पण दहा हजारांत एक बाळ सापडायचे असेल तर उरलेल्या ९,९९९ निरोगी बाळांच्या तपासणीचा खर्चही करावाच लागतो. चाचणी महाग झाली की सगळ्यांना तपासणे आधी थांबते. गथ्री यांनी किमतीसाठी भांडण केले ते यामुळे.

सर्व डॉक्टरांनी पाठिंबा दिला का?

नाही. वैद्यकीय निर्णय कायद्याने लादले जाऊ नयेत, असे अनेक डॉक्टरांचे म्हणणे होते. काहींचा आक्षेप शास्त्रीय होता आणि त्यात तथ्य होते. फेनिलअलॅनिन वाढलेल्या प्रत्येक बाळाला पीकेयू नसतो. काही बाळांमध्ये वाढ सौम्य किंवा तात्पुरती असते. सुरुवातीच्या काळात हा फरक नीट न कळल्याने गरज नसलेल्या काही बाळांनाही कडक आहारावर ठेवले गेले आणि त्यातून कुपोषणाचा धोका निर्माण झाला. त्यामुळे एक नियम पक्का झाला. चाळणी चाचणी फक्त संशय सांगते, निदान दुसऱ्या खात्रीशीर तपासणीनेच करायचे. थायरॉइडच्या तपासणीतही हाच नियम लागू आहे.

थायरॉइडची चाचणी या कागदावर कधी आली?

थायरॉइडच्या बाबतीत डॉक्टरांची अडचण पीकेयूसारखीच होती. थायरॉक्सिन हे संप्रेरक १९२० च्या दशकातच प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले होते. म्हणजे औषध होते. पण जन्मजात कमतरता असलेले बाळ जन्मतः वेगळे दिसत नाही. पोटात असताना आईचे थोडे संप्रेरक त्याला मिळालेले असते. जन्मानंतर हळूहळू कावीळ लांबते, बद्धकोष्ठता होते, बेंबी फुगते, आवाज घोगरा होतो, जीभ मोठी दिसू लागते. बाळ फार झोपते, कमी रडते. घरात त्याला गुणी बाळ म्हणून कौतुकही होते. आजार ओळखू येईपर्यंत काही महिने निघून जातात.

ही दिरंगाई किती महागात पडते, हे १९७२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. पहिल्या तीन महिन्यांत उपचार सुरू झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९ होता. तीन ते सहा महिन्यांदरम्यान उपचार मिळालेल्यांचा तो ७० च्या आसपास होता आणि त्यानंतर उपचार मिळालेल्यांचा ५४. औषध तेच होते, फरक फक्त ते सुरू करण्याच्या वेळेचा होता.

मात्र गथ्री यांचे जिवाणू इथे उपयोगाचे नव्हते. रक्तातील थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण अत्यंत सूक्ष्म असते. ते मोजण्याची पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअॅसे तंत्राने दिली. किरणोत्सारी खूण लावलेले संप्रेरक आणि रक्तातील संप्रेरक यांची प्रतिपिंडांवरील जागेसाठी स्पर्धा लावायची आणि त्यावरून रक्तातील प्रमाण काढायचे, असे हे तंत्र. यॅलो यांना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळाले.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात नवजात बाळांचे रक्त फिल्टर पेपरवर गोळा करण्याची व्यवस्था आधीच सुरू होती. तेथील डॉ. जाँ द्युसो यांनी रेडिओइम्युनोअॅसे वापरून त्याच वाळलेल्या डागातून थायरॉक्सिन मोजून दाखवले आणि १९७३ मध्ये क्लोद लाबर्ज यांच्यासह त्याबद्दल प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये क्वेबेकमध्ये थायरॉइडची सामूहिक तपासणी सुरू झाली. नवी सुई नको, नवे पाकीट नको, नवा टपालखर्च नको. कागदावरच्या एका जास्तीच्या डागावर हे काम भागले. काही वर्षांतच टीएसएच हे दुसरे संप्रेरकही वाळलेल्या डागातून मोजता येऊ लागले.

तपासणी सुरू झाल्यावर तीन ते चार हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असल्याचे दिसले. म्हणजे पीकेयूपेक्षा कितीतरी अधिक. उपचारही पीकेयूच्या आहारापेक्षा सोपा. रोज एक छोटी गोळी.

टीएसएचवरून आजार कसा ओळखतात?

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते. थायरॉइड ग्रंथीने काम करावे, असा तो निरोप असतो. थायरॉइड कमी पडली की पिट्युटरी निरोप वाढवत जाते आणि रक्तात टीएसएच वाढते. त्यामुळे वाढलेले टीएसएच ही धोक्याची पहिली खूण.

यात वेळ सांभाळावी लागते. जन्मल्यानंतर पहिल्या तासाभरात प्रत्येक निरोगी बाळाचे टीएसएच एकदम उसळते आणि मग काही दिवसांत खाली येते. म्हणून टाचेतील रक्त ४८ ते ७२ तासांदरम्यान घेणे चांगले मानले जाते. आई-बाळाला लवकर घरी सोडले जाते तिथे नाळेतील रक्तावर तपासणी करण्याचा पर्यायही वापरतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये टीएसएच उशिरा वाढू शकते, त्यामुळे त्यांची तपासणी पुन्हा करावी लागते. दोष थायरॉइडऐवजी पिट्युटरीत असेल तर टीएसएच वाढतच नाही. फक्त टीएसएच मोजणाऱ्या तपासणीत असे बाळ निसटू शकते.

आनुवंशिक दोषात नेमके काय बिघडते?

जन्मजात कमतरता असलेल्या बहुतेक बाळांमध्ये थायरॉइड ग्रंथी तयार झालेली नसते, फार लहान असते किंवा जिभेच्या मुळाशीच अडकलेली असते. हे प्रमाण साधारण ८० ते ८५ टक्के सांगितले जाते आणि यातील बहुसंख्य वेळा घरात दुसऱ्या कुणाला आजार नसतो. उरलेल्या बाळांमध्ये ग्रंथी जागेवर असते, पण संप्रेरक तयार करण्याच्या साखळीतली एखादी कडी तुटलेली असते. हा प्रकार प्रामुख्याने आनुवंशिक. भारतातील काही पाहण्यांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळले आहे.

साखळी अशी असते. रक्तातील आयोडीन ग्रंथीत ओढून घेणारा एक प्रथिनरूपी पंप असतो. ड्युऑक्स-२ हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. त्याच्या मदतीने थायरॉइड पेरॉक्सिडेज हे विकर आयोडीनला थायरोग्लोब्युलिन या मोठ्या प्रथिनाला जोडते. त्यातून संप्रेरक सुटे होते आणि उरलेले आयोडीन पुन्हा वापरले जाते. यातील प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे जनुक असते. कुठल्याही एका जनुकात दोष असला तरी शेवटी संप्रेरक कमी पडते आणि टीएसएच वाढते. निरोप वाढत राहिल्याने ग्रंथी फुगते आणि काही मुलांना गलगंड होतो.

आयोडीनच्या अभावाने होणारा गलगंड वेगळा. तो आयोडीनयुक्त मिठाने टाळता येतो. जनुकातील दोषावर मात्र मीठ हा उपाय नाही, बाहेरून संप्रेरक द्यावे लागते.

यातील बहुतेक दोषांसाठी आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. आई-वडील स्वतः निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील लग्नांत दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे, म्हणून ही बाब इथल्या कुटुंबांना लागू होते. पहिल्या बाळाला असा दोष आढळला असेल तर पुढच्या बाळाची तपासणी चुकवून चालत नाही.

कागदावरची चाचणी दोष आनुवंशिक आहे का, हे सांगत नाही. ती फक्त टीएसएच किंवा थायरॉक्सिन दाखवते. त्यानंतर शिरेतील रक्ताची तपासणी करून निदान पक्के करतात. सोनोग्राफी किंवा स्कॅनमध्ये ग्रंथी जागेवर आणि मोठी दिसली तर आनुवंशिक दोषाचा संशय बळावतो. जनुकीय चाचणी त्यानंतर करता येते. या तपासण्यांसाठी औषध थांबवून ठेवत नाहीत. लेव्होथायरॉक्सिनची गोळी बाळ दोन आठवड्यांचे होण्यापूर्वी सुरू व्हावी, असा दंडक आहे. ती कुटून आईच्या थोड्या दुधात किंवा पाण्यात मिसळून देतात. लोह, कॅल्शियम किंवा सोयायुक्त दुधासोबत ती देत नाहीत, कारण त्याने औषध शरीरात नीट शोषले जात नाही. काही बाळांमध्ये कमतरता तात्पुरती असते. अशा वेळी साधारण तीन वर्षांच्या वयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवून पुन्हा तपासले जाते.

काही आनुवंशिक दोष जन्मतः पकडता येत नाहीत. पेंड्रेड सिंड्रोममध्ये श्रवणदोष आणि गलगंड असे दोन्ही असते. इंग्लंडमधील डॉ. व्हॉन पेंड्रेड यांनी १८९६ मध्ये त्याचे वर्णन केले. यातील अनेक बाळांचे टीएसएच जन्माच्या वेळी सामान्य असते. म्हणूनच तपासणी ठीक आली तरी पुढे शंका वाटल्यास पुन्हा रक्त तपासावे, असे डॉक्टर सांगतात.

गथ्री पुढे काय करत राहिले?

पीकेयूनंतर गथ्री थांबले नाहीत. त्याच कागदावरून गॅलॅक्टोसेमिया, मेपल सिरप युरिन डिसीज, होमोसिस्टिन्युरिया अशा दुर्मीळ आजारांसाठीही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंवर आधारित चाचण्या तयार केल्या. एका डागातून अनेक टिकल्या कापणारे यंत्र बनवण्यातही त्यांचा वाटा होता. छोट्या छोट्या प्रयोगशाळांनी थोडे थोडे नमुने तपासण्याऐवजी मोठ्या प्रादेशिक प्रयोगशाळा असाव्यात, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे खर्च कमी होतो आणि हात सरावल्याने चुकाही कमी होतात.

देशोदेशी फिरून त्यांनी ही तपासणी सुरू करण्यासाठी सरकारांना आणि डॉक्टरांना पटवले. उत्तरायुष्यात त्यांनी मुलांमधील शिशाच्या विषबाधेचा प्रश्न हाती घेतला. जुन्या घरांच्या रंगातील आणि पेट्रोलमधील शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, पण लक्षणे उशिरा दिसतात. इथेही लक्षणांची वाट पाहू नये, हेच त्यांचे म्हणणे होते. १९९५ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी सिएटल येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मुलाला किंवा पत्नीच्या भाचीला या कामाचा उपयोग झाला नाही. मुलाचे कारण कळले नाही आणि भाचीच्या वेळी उशीर झाला होता. आज अनेक ठिकाणी जिवाणूंची मूळ चाचणीही मागे पडली आहे. टॅण्डम मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्राने एका टिकलीतून डझनावारी आजार तपासले जातात, टीएसएच मोजण्याच्या पद्धतीही बदलल्या आहेत. कागद मात्र तोच राहिला.

भारतात, महाराष्ट्र आणि गोव्यात काय स्थिती आहे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह देशातील पाच शहरांत सुमारे १ लाख ४ हजार नवजात बाळांची तपासणी केली. त्यात साधारण ११३० जन्मांमागे एका बाळाला जन्मजात थायरॉइड कमतरता आढळली. पाश्चात्त्य आकड्यांच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास तिप्पट आहे. देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. या प्रमाणाने हिशेब केला तर दरवर्षी साडेसतरा हजारांहून अधिक बाळांना या औषधाची गरज पडते.

गोवा सरकारने २००८ मध्ये नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. राज्य पातळीवरील असा तो देशातील सुरुवातीचा प्रयत्न. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघरमधून झाली. त्यातील आजारांच्या यादीत जन्मजात थायरॉइड कमतरता आहे, पण ती ऐच्छिक गटात. देशभर सर्व बाळांसाठी ही रक्ततपासणी सक्तीची नाही. अनेक खासगी रुग्णालयांत ती होते, काही सरकारी रुग्णालयांतही होते. कुठे जन्म झाला यावर ती होणार की नाही, हे अवलंबून असते.

अडचण चाचणीच्या किमतीपुरती नाही. प्रसूतीनंतर आई-बाळ लवकर घरी जातात. टीएसएच वाढल्याचे कळले तेव्हा दिलेला मोबाइल क्रमांक लागत नाही, बाळंतीण माहेरी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते. बाळ हसरे-खेळते दिसत असल्याने पुन्हा रक्त द्यायला घरचे तयार होत नाहीत. कागद प्रयोगशाळेत पोहोचतो, पण निकाल बाळापर्यंत पोहोचत नाही.

पालकांनी काय करावे?

प्रसूतीपूर्वीच रुग्णालयात नवजात थायरॉइड तपासणी होते का, हे विचारावे. रक्त कधी घेतले आणि निकाल कधी मिळणार, याची नोंद बाळाच्या फाइलमध्ये करून घ्यावी. पुढचे महिनाभर लागेल असा फोन क्रमांक द्यावा, माहेरचा असेल तर तोही. पुन्हा तपासणीचा निरोप आला तर घाबरू नये. अनेकदा दुसरी तपासणी सामान्य येते. मात्र ती त्याच आठवड्यात करावी. आठवड्याभरात निकाल आला नाही तर सर्व ठीक असेल असे न समजता रुग्णालयात चौकशी करावी. औषध सुरू झाले असेल तर बाळ बरे दिसते म्हणून ते स्वतःहून बंद करू नये. वेळेत आणि नियमित गोळी मिळालेली मुले सहसा इतरांसारखीच शाळेत जातात, शिकतात. पहिले दोन आठवडे हातचे जाऊ न देणे, एवढेच मोठ्यांच्या हातात असते.